लेखक व्हायचंय, मग कॉलेज कुठलं निवडायचं? जुन्नर-आंबेगावच्या विद्यार्थ्यांसाठी सगळी माहिती एका ठिकाणी

बारावीचा निकाल लागला की घरात ठरलेले प्रश्न सुरू होतात. सायन्स असेल तर इंजिनिअरिंग की फार्मसी, कॉमर्स असेल तर सीए की बँक. पण एखादी पोरगी किंवा पोरगा म्हणाला की, "मला लिहायचं शिकायचंय", तर घरात सगळे गप्प होतात. मग एक वाक्य हमखास येतं, "बीए करून काय करणार?"

या प्रश्नाला रागावून उपयोग नाही. टोमॅटोचा भाव पडला की वर्षाचं गणित बिघडणाऱ्या घरात पोरांची तीन वर्षं कशावर खर्च करायची, हा खरंच पैशाचा प्रश्न असतो. त्यामुळे उत्तरही नीट माहिती घेऊनच द्यावं लागतं. सर्जनशील लेखन कॉलेजात शिकवतात का, जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात त्यासाठी काय सोय आहे, पुण्याला गेल्याने काय मिळतं आणि काय सुटतं, खर्च कसा भागवायचा, हे सगळं क्रमाने पाहू.

लेखन कॉलेजात शिकवतात का?

चित्रकला, गाणं, नाटक शिकवणाऱ्या शाळा असतात हे सगळ्यांना पटतं. लेखनाच्या बाबतीत मात्र "ते आतून यावं लागतं" असं म्हटलं जातं. जगात अनेक ठिकाणी हे मान्य नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ पासून लेखनाची कार्यशाळा पदवी अभ्यासक्रम म्हणून चालते. त्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखक उपक्रमात १९७० च्या दशकात मराठी कवी दिलीप चित्रे यांनी भाग घेतला होता.

अशा अभ्यासक्रमात प्रतिभा वाटली जात नाही. तिथे तीन गोष्टी होतात. भरपूर वाचून घेतलं जातं, ठरलेल्या तारखेला लिहून आणावं लागतं आणि लिहिलेलं इतरांसमोर वाचून त्यावर बोललं जातं. चौथी गोष्ट म्हणजे पुनर्लेखन. पहिला खर्डा, दुसरा खर्डा, तिसरा खर्डा. कॉलेज निवडताना या चार गोष्टींपैकी किती तिथे मिळतील, हीच खरी कसोटी आहे. अभ्यासक्रमाचं नाव काय आहे, हा नंतरचा मुद्दा.

'लिबरल आर्ट्स' ही काय भानगड आहे?

हा शब्द हल्ली जाहिरातींत फार दिसतो. 'आर्ट्स' असल्यामुळे तो चित्रकलेचा कोर्स वाटतो, पण तसं नाही. अमेरिकेत छोट्या निवासी कॉलेजांची एक परंपरा आहे. विद्यार्थी कमी, वर्ग लहान, शिक्षक प्रत्येकाला नावाने ओळखणारे आणि पहिली दोन वर्षं विद्यार्थी साहित्य, इतिहास, विज्ञान, गणित असं सगळं थोडं थोडं शिकतो. मुख्य विषय नंतर ठरतो. ओहायो राज्यातल्या गॅम्बिअर या खेडेवजा गावातलं केनियन कॉलेज हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. १८२४ साली सुरू झालेलं हे कॉलेज आजही छोटंच आहे, पण तिथे १९३९ साली सुरू झालेलं 'केनियन रिव्ह्यू' हे वाङ्मयीन नियतकालिक जगभर वाचलं जातं.

म्हणजे छोट्या गावातलं छोटं कॉलेज लेखनासाठी कमी दर्जाचं असतं, असं काही गणित नाही. लहान वर्ग ही लिहिणाऱ्यासाठी चैन असते. दीडशे जणांच्या वर्गात कुणाची कथा वाचली जात नाही, बारा जणांच्या वर्गात वाचली जाऊ शकते. फक्त ती खरंच वाचली जाते का, हे पाहावं लागतं.

जुन्नर आणि आंबेगावात कोणती कॉलेजं आहेत?

दोन्ही तालुक्यांतली पारंपरिक पदवी कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. कला शाखेसाठी साधारण ही नावं समोर येतात:

- जुन्नर शहरातलं श्री शिवछत्रपती महाविद्यालय
- नारायणगावचं ग्रामोन्नती मंडळाचं कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालय
- ओतूरचं अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय. हे पुणे जिल्हा शिक्षण मंडळाचं आहे. या संस्थेची स्थापना १९४१ ची
- मंचरचं अण्णासाहेब आवटे महाविद्यालय. हे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचं
- घोडेगावचं बी. डी. काळे महाविद्यालय

यातल्या कुठल्याही कॉलेजात 'सर्जनशील लेखन' या नावाची स्वतंत्र पदवी नाही. मिळते ती बीए. लिहिणाऱ्याने मराठी, हिंदी किंवा इंग्रजी मुख्य विषय घ्यायचा आणि लेखन त्याच्या आत आणि भोवती शोधायचं, असा हा मार्ग आहे. पुण्यातल्या बहुतेक जुन्या कॉलेजांतही परिस्थिती याहून फार वेगळी नाही. त्यामुळे "इथे तो कोर्सच नाही" म्हणून तालुक्यातलं कॉलेज लगेच बाद करण्यात अर्थ नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने काय बदललं?

संलग्न कॉलेजांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आराखडा २०२४-२५ पासून लागू झाला. लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्यात काही जागा नव्याने मिळाल्या आहेत.

पहिली म्हणजे मेजर आणि मायनर. मराठी मेजर घेऊन इतिहास, मानसशास्त्र किंवा दुसरी भाषा मायनर घेता येते. दुसरी म्हणजे खुला वैकल्पिक विषय, जो स्वतःच्या शाखेबाहेरचा असतो. कथा लिहिणाऱ्याला शेती, पर्यावरण किंवा व्यापार यातलं काही कळलं तर ते लेखनातच उतरतं. तिसरी म्हणजे कौशल्याधारित विषय. भाषा विभागांत याच चौकटीत मुद्रितशोधन, संपादन, जाहिरातलेखन, पटकथा, अनुवाद अशा गोष्टी शिकवता येतात. चौथी म्हणजे क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव. गावातल्या जात्यावरच्या ओव्या गोळा करणं किंवा एखाद्या स्थानिक साप्ताहिकात काम करणं, असं काही यात बसू शकतं.

शिक्षण मध्येच थांबवावं लागलं तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तिसऱ्या वर्षाला पदवी आणि चौथ्या वर्षाला ऑनर्स अशी रचना आहे. घरची अडचण, लग्न, शेती अशा कारणांनी शिक्षण तुटणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा मुद्दा लहान नाही.

पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. कागदावर विषय असणं आणि कॉलेजात तो चालू असणं यात फरक असतो. पुरेसे विद्यार्थी नसले तर एखादा विषय मेजर म्हणून चालवलाच जात नाही. म्हणून माहितीपत्रकावर विसंबू नये. "गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाला मराठी मेजर घेणारे किती होते?" असा सरळ प्रश्न विचारावा.

प्रवेशाआधी काय तपासायचं?

बीएचे प्रवेश साधारणपणे कॉलेज स्तरावर होतात. त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी कॉलेजात एक चक्कर मारता येते. त्या चकरेत या गोष्टी पाहाव्यात.

*शिक्षक.* भाषा विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावर किती? तासिका तत्त्वावरचे शिक्षक वाईट असतात असं नाही. अनेकदा तेच तरुण, वाचणारे आणि लिहिणारे असतात. पण ते पुढच्या वर्षी तिथे असतीलच याची खात्री नसते. लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला तीन वर्षं सोबत राहणारा एक तरी वाचक-शिक्षक लागतो. विभागातलं कोण स्वतः लिहितं, कुणाची कविता, समीक्षा, संशोधन छापून आलंय, हे विचारायला लाजू नये.

*ग्रंथालय.* पुस्तकांची एकूण संख्या सांगितली जाते, ती फार उपयोगी नसते. त्यात पाठ्यपुस्तकांच्या पन्नास-पन्नास प्रती असतात. त्याऐवजी तीन गोष्टी पाहाव्यात. गेल्या पाच वर्षांतली पुस्तकं आहेत का? साधना, दिवाळी अंक, वाङ्मयीन मासिकं येतात का? आणि विद्यार्थ्याला कपाटापर्यंत जाऊ देतात की खिडकीतून चिठ्ठी द्यावी लागते? कपाटापर्यंत गेल्याशिवाय न शोधलेलं पुस्तक सापडत नाही.

*वार्षिक अंक.* ही सगळ्यात सोपी आणि खात्रीची परीक्षा आहे. कॉलेजचे गेले तीन वार्षिक अंक मागून घ्यावेत. त्यात प्राचार्यांचं मनोगत, सत्कारांचे फोटो आणि अहवाल किती पानं आहेत आणि विद्यार्थ्यांचं लेखन किती पानं, हे मोजावं. विद्यार्थ्यांच्या कविता आई, पाऊस आणि शिवरायांवरच संपतात, की एखाद्याने आपल्या वस्तीबद्दल, ऊसतोडीबद्दल, बिबट्याच्या भीतीबद्दलही लिहिलंय? पुणे विद्यापीठ संलग्न कॉलेजांच्या वार्षिक नियतकालिकांची स्पर्धा घेतं. त्यात कॉलेजने कधी बक्षीस मिळवलंय का, हेही कळतं.

*वाङ्मय मंडळ.* बहुतेक कॉलेजांत ते असतं, पण बऱ्याच ठिकाणी उद्घाटन आणि मराठी भाषा गौरव दिन, म्हणजे २७ फेब्रुवारी, एवढ्यापुरतंच. महिन्यातून एकदा तरी विद्यार्थी स्वतःचं लेखन वाचतात का, हे सध्याच्या विद्यार्थ्यांनाच विचारावं. ऑफिसमध्ये विचारलं तर उत्तर "हो" असंच येईल.

*नाटक.* लिहिणाऱ्याला आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची संधी नाटकात मिळते. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालते, तर फिरोदिया करंडक १९७० च्या दशकापासून. कॉलेज अशा स्पर्धांत उतरतं का, आणि उतरलं तर संहिता विद्यार्थी लिहितात की बाहेरून आणतात?

तालुक्यात राहायचं की पुण्याला जायचं?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. मंचरपासून पुणे साठेक किलोमीटर, नारायणगावपासून पंचाहत्तरच्या आसपास, जुन्नरपासून नव्वदच्या पुढे. अंतर फार नाही, पण रोज ये-जा करण्यासारखंही नाही. चाकणचं ट्रॅफिक पाहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. म्हणजे पुणे म्हटलं की वसतिगृह किंवा कॉट बेसिसवरची खोली आली, मेस आली आणि घरचा महिन्याचा खर्च वाढला.

पुण्यात जे मिळतं ते खरं आहे. १८८५ चं फर्ग्युसन, १९१६ चं स. प. महाविद्यालय अशा जुन्या कॉलेजांची ग्रंथालयं, १९०६ साली स्थापन झालेली महाराष्ट्र साहित्य परिषद, नाटकं, व्याख्यानं, प्रकाशकांची कार्यालयं, जुन्या पुस्तकांची दुकानं. मुख्य म्हणजे आपल्यासारखेच लिहिणारे दहा मित्र एका शहरात सापडतात. गावात अशा पोराला "कवी" म्हणून चिडवलं जातं, तिथे त्याला स्पर्धक मिळतात.

काय सुटतं, तेही पाहायला हवं. गावाकडून पुण्याला शिकायला आलेल्या मुलाचं एकटेपण मराठीत सगळ्यात गाजलं ते भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त. ही कादंबरी १९६३ साली आली. नेमाडे स्वतः खानदेशातून फर्ग्युसनला शिकायला आले होते. पांडुरंग सांगवीकरला शहराने शिक्षण किती दिलं आणि काय हिरावून घेतलं, यावर आजही वाद होतात. पुण्याला जाऊन बोलीची लाज वाटायला लागली आणि पोरगं पुस्तकी मराठीत लिहायला लागलं, तर लेखक म्हणून त्याचा तोटा होतो. उलट लांब गेल्यावरच आपलं गाव नीट दिसायला लागलं, असेही लेखक भरपूर आहेत.

मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी वेगळा असतो. अनेक घरांत पर्याय पुणे की जुन्नर असा नसतोच. तो जुन्नर की लग्न असा असतो. अशा वेळी घराजवळचं कॉलेज कमीपणाचं मानू नये. तीन वर्षं हातात राहणं, रोज ग्रंथालयात बसता येणं, ही लिहिणाऱ्या मुलीसाठी मोठी कमाई आहे. नव्या रचनेत चौथं वर्ष आणि त्यानंतर पुणे विद्यापीठातलं एमए हा पुढचा रस्ता उघडा राहतो.

खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठं: कुणासाठी?

लेखन हा विषय म्हणून नावानिशी शिकवणाऱ्या संस्था देशात आहेत. हरियाणातल्या सोनीपतमधलं अशोका विद्यापीठ २०१४ पासून सुरू आहे आणि तिथे इंग्रजीबरोबर सर्जनशील लेखन शिकता येतं. पुण्याजवळ लवळे इथे फ्लेम विद्यापीठ आहे, विमाननगरला सिंबायोसिसचं लिबरल आर्ट्सचं कॉलेज आहे.

इथे दोन गोष्टी आधीच समजून घ्याव्यात. पहिली, खर्च. फी वर्षाला काही लाखांत जाते. आर्थिक मदतीच्या योजना असतात आणि अशोकासारख्या ठिकाणी कुटुंबाची गरज पाहून मदत दिली जाते. पण अर्जाची प्रक्रिया बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी सुरू होते. निबंध, मुलाखत, कागदपत्रं असा तो प्रकार असतो. जूनमध्ये चौकशी करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. अकरावी-बारावीतच तयारी करावी लागते.

दुसरी गोष्ट भाषेची. तिथे लेखन शिकवलं जातं ते इंग्रजीत. ज्याला इंग्रजीत लिहायचंय त्याच्यासाठी हा मार्ग आहे. ज्याला मराठीत लिहायचंय त्याने लाखो रुपये भरून दुसऱ्या भाषेत लिहायला शिकण्यात काय मिळेल, याचा हिशेब घरच्यांबरोबर बसून करावा.

कमी खर्चातला एक मधला रस्ता आहे. इग्नू या मुक्त विद्यापीठाने इंग्रजी आणि हिंदीत सर्जनशील लेखनाचे पदविका अभ्यासक्रम चालवले आहेत. तालुक्यात बीए करता करता दुरून असा अभ्यासक्रम करायचा असेल, तर त्या वर्षी कोणते प्रवेश सुरू आहेत ते इग्नूच्या संकेतस्थळावर पाहावं.

मराठीपुरतं बोलायचं तर अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर इथे राज्य सरकारने मराठी भाषा विद्यापीठ सुरू केलं आहे. चक्रधरस्वामींच्या आणि 'लीळाचरित्रा'च्या परंपरेशी जोडलेलं हे गाव. संस्था नवी आहे, अंतर मोठं आहे, पण मराठीचाच अभ्यास करायचा असेल तर नाव माहीत असावं. नाटक लिहायचं असेल तर पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र बारावीनंतरही नाट्यशिक्षण देतं. पटकथा लिहायची असेल तर पुण्यातल्या एफटीआयआयमध्ये पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे, पण तो पदवीनंतरचा. म्हणजे मंचरला बीए करून पुढे तिथे अर्ज करता येतो.

खर्च कसा भागवायचा?

पहिला प्रश्न ऑफिसमध्ये विचारावा, "हा वर्ग अनुदानित आहे की विनाअनुदानित?" एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत काही वर्ग अनुदानित आणि काही विनाअनुदानित असू शकतात आणि फीमध्ये मोठा फरक पडतो. जुन्या कॉलेजांतली बीए बहुधा अनुदानित असते, म्हणून ती सगळ्यात स्वस्त पदव्यांपैकी एक आहे.

- शिष्यवृत्ती: राज्याच्या बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावे लागतात. त्यातली राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँक खात्याला आधार जोडणं ही कामं मे महिन्यातच उरकावीत.
- आदिवासी विद्यार्थी: दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर समाजातल्या विद्यार्थ्यांसाठी घोडेगावचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय महत्त्वाचं आहे. शासकीय वसतिगृहांचे प्रवेश आणि वसतिगृह न मिळालेल्यांसाठीची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना यांची माहिती तिथे मिळते.
- अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थी: समाजकल्याण विभागाची वसतिगृहं आणि स्वाधार योजना.
- कमवा आणि शिका: पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत ही योजना चालते. शक्य असेल तर ग्रंथालयातलं काम मागावं. पैसे मिळतात आणि पुस्तकंही हाताखालून जातात.
- एसटी: मासिक विद्यार्थी पासवर ६६.६७ टक्के सवलत असते. मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो, त्यामुळे पदवीला गेल्यावर पासचा खर्च धरावा लागतो. भीमाशंकर किंवा नाणेघाटाच्या बाजूच्या गावांतून येणाऱ्यांनी शेवटची गाडी किती वाजता आहे हे पाहूनच कॉलेज ठरवावं. चारला सुटणारी गाडी पकडायची असेल तर संध्याकाळच्या तालमीला थांबता येत नाही.

कॉलेजच्या भिंतीबाहेरचं ग्रंथालय

छोट्या जागेचं कॉलेज निवडताना आजूबाजूला काय आहे, हेही मोजायचं असतं. या बाबतीत जुन्नर-आंबेगाव गरीब नाहीत.

नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत शिलालेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखात 'महारठी' हा शब्द येतो. मराठीला अभिजात दर्जा मिळावा म्हणून तयार केलेल्या अहवालात या लेखाचा पुरावा दिला गेला आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तो दर्जा जाहीर झाला. जुन्नरच्या आसपासच्या लेण्यांतल्या दानलेखांत धान्य व्यापाऱ्यांची श्रेणी भेटते, दान देणारे यवन भेटतात. आळे इथे ज्ञानेश्वरांनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी मानली जाते, ओतूरला तुकारामांचे गुरू बाबाजी चैतन्यांचं स्थान.

नारायणगाव ही तमाशाची पंढरी. सुगीनंतर गावोगावच्या यात्रा कमिट्या फड ठरवायला इथल्या राहुट्यांवर येतात. विठाबाई नारायणगावकर इथल्याच फडाच्या. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीच्या गावात वग कसा रचतात, बतावणीत हशा कुठे काढतात, हे पाहायला तिकिटाएवढाच खर्च येतो. संवादलेखनाचा असा वर्ग कुठल्याच विद्यापीठात नाही.

आणि जे अजून पुरेसं लिहिलं गेलेलं नाही, तेही इथेच आहे. डिंभे धरणाच्या पाण्यात खुद्द आंबेगाव हे गाव गेलं, तालुक्याचं नाव तेवढं राहिलं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळून माळीण गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. महाळुंगे पडवळचे बाबू गेनू १९३० साली मुंबईत परदेशी मालाच्या ट्रकखाली गेले, आज डिंभ्याच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे. उसात पिल्लं घालणारा बिबट्या आहे. आणि खोडद परिसरात आकाशाकडे कान लावून बसलेल्या तीस महाकाय दुर्बिणी आहेत, ज्यांच्या शेजारी लोक कांदा काढतात. क्षेत्रप्रकल्पाला विषय सापडत नाही, अशी तक्रार इथल्या विद्यार्थ्याला करता येणार नाही.

लेखक शिकले कुठे?

मराठीतल्या लेखकांची शिक्षणं पाहिली तर एकच रस्ता असा दिसत नाही. अनिल अवचट यांचा जन्म १९४४ साली ओतूरचा. शिकले ते डॉक्टरकी, पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात. पण लोकांमध्ये फिरून, ऐकून, साध्या भाषेत लिहिण्याची जी पद्धत त्यांनी रुजवली ती आज पत्रकारितेच्या वर्गांत शिकवली जाते. महामार्गाने थोडं पुढे संगमनेरच्या कॉलेजात रंगनाथ पठारे भौतिकशास्त्र शिकवत होते. त्यांच्या 'ताम्रपट' कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अभिजात मराठीच्या समितीचे अध्यक्षही तेच होते. २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले प्रवीण बांदेकर सावंतवाडीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत होते.

यावरून एवढं नक्की म्हणता येतं की, तालुक्याच्या कॉलेजात राहून मोठं लेखन होतं आणि साहित्याची पदवी नसली तरी होतं. पण या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. त्यांचं वाचन अभ्यासक्रमाच्या कितीतरी बाहेरचं होतं.

पदवीनंतर पोटापाण्याचं काय?

"बीए करून काय करणार?" याचं खरं उत्तर असं की, फक्त कथा-कविता लिहून घर चालवणारे मराठीत अगदी मोजके आहेत. बाकीचे शिक्षक, पत्रकार, अनुवादक, सरकारी नोकर, शेतकरी आहेत आणि लिहितात. म्हणून पदवी घेताना लेखनाबरोबर एक पोटाचं कौशल्य जोडून घ्यावं. बीएड करून शिक्षकी, अनुवाद, मुद्रितशोधन, मालिका आणि वेबसिरीजचं संवादलेखन, उपशीर्षकं, बातमीदारी, ऑडिओबुक, जाहिरात ही त्यातली काही क्षेत्रं. शुद्ध मराठी टाइप करता येणं, युनिकोड कळणं आणि इंग्रजीतून चांगला अनुवाद जमणं, या तीन गोष्टी आल्या तर काम मिळायला मदत होते.

पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे. पैसे घेऊन पुस्तक छापून देणाऱ्यांच्या नादी लागण्याआधी ही नावं लक्षात ठेवावीत.

थोडक्यात, निर्णय कसा घ्यायचा?

- मराठीत लिहायचंय आणि घरची परिस्थिती बेताची आहे: तालुक्यातली अनुदानित बीए, मराठी मेजर आणि आदिवासी, इतिहास किंवा पर्यावरणाशी जोडलेला दुसरा विषय. एमएला पुणे.
- वसतिगृह पक्कं मिळतंय आणि घरून होकार आहे: पुण्यातलं जुनं कॉलेज, पण आधी भाषा विभाग आणि वार्षिक अंक पाहून.
- इंग्रजीत लिहायचंय: अकरावीपासून खासगी विद्यापीठांच्या आर्थिक मदतीचा अभ्यास. मदत मिळाली तरच जायचं, कर्ज काढून नाही.
- नाटक किंवा सिनेमा: ललित कला केंद्र, किंवा आधी कुठलीही पदवी आणि मग एफटीआयआय.
- काहीच ठरत नाहीये: घराजवळ प्रवेश घ्यावा आणि पहिल्या वर्षात ग्रंथालयातली पन्नास पुस्तकं वाचून, दहा कथा लिहून पाहाव्यात. पहिल्या वर्षाचे क्रेडिट वाया जात नाहीत.

कॉलेजची चक्कर मारायला जाताना स्वतःचं एक लिहिलेलं पान सोबत न्यावं. भाषा विभागातल्या कुणाही शिक्षकाला ते दाखवून, "सर, मॅडम, हे वाचून सांगाल का?" एवढंच विचारावं. कुणी ते हातात घेऊन, पेन काढून वाचायला लागलं, तर फॉर्म तिथेच भरायला हरकत नाही.